विचारणारा कोण, सांगणारा कोण

प्रॅक्टिकलच्या पहिल्याच तासाला मी बी.ए.च्या मुलामुलींच्या जोड्या पाडते. एक प्रयोगकर्ता, एक प्रयुक्त. प्रयोगकर्त्यानं सूचना वाचायच्या, उपकरण हाताळायचं, आकडे टिपायचे. प्रयुक्तानं सांगितलं तसं करायचं आणि शेवटी आपल्याला काय जाणवलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. प्रयोग संपला की खुर्च्या बदलायच्या. मुलांना ही नुसती सोय वाटते, कारण जर्नल दोघांनाही भरायचं असतं. पण मानसशास्त्र जिथं प्रयोगांचं शास्त्र झालं तिथली ही रीत आहे, आणि माझ्या मते या शास्त्राकडची सगळ्यात मोलाची चीज हीच. आज जो विचारतो, तो उद्या सांगायला बसतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं कापूस-तुरीच्या घरातली, सकाळच्या एसटीनं येणारी. मानसशास्त्र हे परदेशातून आलेलं, शहरातल्या लोकांसाठी असलेलं शास्त्र आहे असं त्यांना वाटतं. ते कुठून कुठं कसं आलं हे म्हणूनच मी त्यांना सविस्तर सांगते, आणि आज इथंही लिहिते आहे.

1879 साली विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू केली, हे वाक्य आमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. तिथं रोज काय चालायचं ते मात्र क्वचितच सांगतात. दिवा दिसला की कळ दाबायची. दिसल्यापासून दाबेपर्यंत किती वेळ गेला, ते, म्हणजे प्रतिक्रियाकाल, हिप यांच्या क्रोनोस्कोप नावाच्या बारीक घड्याळावर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचं. मग तोच प्रयोग जरा अवघड करायचा: दोन रंगांचे दिवे, आणि ठरावीक रंग दिसला तरच कळ दाबायची. आता जो जास्तीचा वेळ लागला तो मनाला ओळखायला आणि ठरवायला लागलेला वेळ. ही वजाबाकीची युक्ती मूळची उट्रेख्तच्या डोंडर्स यांची, 1860 च्या दशकातली. मनात चाललेल्या गोष्टीला घड्याळ लावता येतं, हे तेव्हाच्या विद्वानांना केवढं नवं वाटलं असेल याचा विचार करून मला आजही भारावल्यासारखं होतं.

आणि त्या खुर्चीत प्रयुक्त म्हणून बसायचं कोण? प्रयोगशाळेतलेच विद्यार्थी, आलटून पालटून. स्वतः वुंटसुद्धा. आपल्या मनात काय घडलं हे नीट निरखून सांगणं अवघड, ते तयारीच्या माणसानंच करावं अशी तिथली समजूत होती. त्यामुळे खुर्चीतल्या माणसाचा मान यंत्र चालवणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

तिथून हे शास्त्र झपाट्यानं पसरलं. अमेरिकेतून कॅटेल आले, रशियातून बेख्तेरेव, इंग्लंडचे टिचनर तिथं शिकून अमेरिकेत कॉर्नेलला गेले. चीनचे त्साय युआनपेई लाइपझिगला व्याख्यानं ऐकून गेले आणि पुढं ते पेकिंग विद्यापीठाचे प्रमुख असताना 1917 साली तिथं चीनमधली पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा उभी राहिली. वुंट यांचे विद्यार्थी म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेले. त्यांच्याकडे बंगालचे नरेंद्रनाथ सेनगुप्ता शिकले. 1915 साली कलकत्ता विद्यापीठात प्रयोगशाळा आणि 1916 साली भारतातला पहिला स्वतंत्र मानसशास्त्र विभाग सुरू झाला, त्यामागं हे सेनगुप्ता. आमच्या कपाटात प्रतिक्रियाकाल मोजायचं जे यंत्र आहे त्याचं घराणं हे असं आहे, लाइपझिग, हार्वर्ड, कलकत्ता, मग आम्ही.

देशोदेशीच्या मानसशास्त्रज्ञांनी एकत्र बसावं ही कल्पना 1881 साली पोलंडच्या ओखोरोविच यांनी मांडली. पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली पॅरिसला, 1889 साली, आयफेल टॉवर उभा राहिला त्याच वर्षी. पहिल्या महायुद्धानं हा क्रम तुटला. 1936 ची माद्रिदची परिषद स्पेनच्या यादवी युद्धामुळं होऊ शकली नाही, ती पुढच्या वर्षी पॅरिसला घेतली. मग दुसरं महायुद्ध. ज्यांचे देश एकमेकांवर बॉम्ब टाकत होते ती माणसं युद्ध संपल्यावर पुन्हा एकत्र आली आणि 1951 साली स्टॉकहोमला त्यांनी आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. हा इतिहास वाचताना मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. पण त्याच यादीत हेही दिसतं की ही परिषद आशियात पहिल्यांदा आली ती 1972 साली, टोकियोला. आफ्रिकेत पहिल्यांदा गेली ती 2012 साली, केपटाउनला. पॅरिसनंतर 123 वर्षांनी.

या मधल्या काळात खुर्च्या बदलायची रीत मागं पडली.

1884 साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन यांनी एक दालन मांडलं. तीन पेन्स द्या, आत जा, आणि तुमची नजर, कान, श्वासाची ताकद, हाताची पकड, सगळं मोजून घ्या. नऊ हजारांवर लोकांनी मोजून घेतलं. तिथं येणाऱ्यानं काही सांगायचं नव्हतं, नुसतं मोजून घ्यायचं होतं. मग 1905 साली पॅरिसला बिने आणि सिमोन यांनी बुद्धिमापनाची कसोटी केली. बिने यांचा हेतू चांगला होता. शाळेत मागं पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत मिळावी म्हणून त्यांनी ती केली. ती अमेरिकेत गेल्यावर माणसांची प्रतवारी लावायचं साधन झाली.

आपल्याकडे ती आणली धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कसोटी नव्यानं बसवली, इथल्या मुलांवर तपासून पाहिली. बिने-कामत कसोटी आजही बुद्ध्यांक काढायला वापरतात. कामतांचं काम मोठं आहे, यात मला शंका नाही. पण त्या कसोटीचे मूळ प्रमाणक, म्हणजे ज्यांच्याशी ताडून मुलाचे गुण ठरवतात ते आकडे, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीच्या काळातल्या मुलांचे आहेत, हे ती वापरणाऱ्या किती जणांच्या ध्यानात असतं?

शास्त्र खेड्यांकडे, डोंगरांकडेही गेलं. केंब्रिजचे रिव्हर्स 1898 साली टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेले आणि 1901-02 मध्ये आपल्याच देशात, निलगिरीच्या तोडा लोकांकडे आले. म्युलर-लायर भ्रम त्यांनी तिथं तपासला. दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण आणि दुसरीच्या टोकांना बाहेर. त्यामुळे एक लांब भासते, एक आखूड. आमच्या बी.ए.च्या प्रॅक्टिकलमध्ये हा प्रयोग हमखास असतो. रिव्हर्स यांना आढळलं की तोडा लोक या भ्रमाला इंग्रजांपेक्षा कमी फसतात. जंगलातल्या माणसाच्या इंद्रियांबद्दल तेव्हा युरोपात काय काय समजुती होत्या, आणि निघालं ते असं! पण पुढं काय? तोडा माणसानं रिव्हर्स यांना त्याच खुर्चीवर बसवून काही विचारलं असं कुठं वाचायला मिळत नाही.

वर्गात सगळ्यात जास्त बोलणं होतं ते लुरिया यांच्या प्रयोगावर. अलेक्झांडर लुरिया हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ 1931-32 मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. तिथल्या शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी विचारलं: लांब उत्तरेला, जिथं बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेमल्या लांब उत्तरेला आहे, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? शेतकरी म्हणाले, आम्ही तिकडं गेलो नाही, आम्हाला काय ठाऊक. शाळेचं थोडं जरी शिक्षण मिळालेली माणसं मात्र चटकन "पांढरी" म्हणत. विचार करण्याची पद्धत जगण्याच्या रीतीबरोबर आणि शाळेबरोबर बदलते, असं लुरिया यांनी त्यावरून मांडलं.

माझ्या एका विद्यार्थिनीनं हा प्रश्न आपल्या आबाजींना विचारायचं ठरवलं. अस्वलं काढून टाकली, कापूस घातला. काळ्या जमिनीत कापूस चांगला येतो; अमक्या गावची जमीन काळी आहे; तर तिथं कापूस कसा येत असेल? पलीकडच्या तालुक्यातलं, आबाजींनी कधी न पाहिलेलं गाव तिनं मुद्दाम निवडलं. त्यांचं उत्तर तिनं जर्नलमध्ये जसंच्या तसं उतरवून आणलं:

"ते शिवार म्या पायलं नाही. पाणी जिरते का तिथं, का चिबडते? पायल्याबिगर कसं सांगू?"

ती म्हणाली, आबाजी, मी जेवढं सांगितलं तेवढ्यावरूनच सांगा ना. तर ते म्हणाले, "तू सांगतलं ते खरं धरून चालतो. पण मंग मले काहून इचारतं? तुले तं ठाऊकच हाय. आता म्या इचारतो, तू सांग. बोंडं फुटली, आभाळ भरून आलं, वेचाले बाया चारच भेटल्या. वरच्या अंगाचं वावर आधी वेचशीन का खालच्या अंगाचं?"

पोरगी शेतकऱ्याच्या घरची, तरी चुकली. वरचं म्हणाली. आबाजींनी समजावलं की पाणी उतारानं खाली येतं. खालच्या वावरात एकदा चिखल झाला की पाय टाकता येत नाही, बोंडातला कापूस भिजून पिवळा पडतो. खालचं आधी, वरचं मग. हा "जर असं, तर तसं" असाच विचार नव्हे का? अस्वलांच्या प्रश्नात लुरिया जो शोधत होते तोच, फक्त ज्या गोष्टीची आबाजींना खात्री आहे तिच्याबद्दलचा. न पाहिलेल्या शिवाराबद्दल छातीठोक बोलायचं नाही, ही सवय शेतीत फार कामाची आहे. त्या जर्नलमधलं ते पान मी दर वर्षी नव्या वर्गाला वाचून दाखवते, कारण त्या पानावर आबाजी खुर्ची बदलून प्रयोगकर्ते झाले आहेत.

2010 साली हेन्रिक, हाइन आणि नोरेनझायन या तिघांनी एक लेख लिहून जगभरच्या मानसशास्त्रज्ञांना खडबडून जागं केलं. नामांकित नियतकालिकांतल्या अभ्यासांमधले 96 टक्के प्रयुक्त पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, आणि त्या देशांत जगाची जेमतेम 12 टक्के लोकसंख्या राहते. त्यातही मोठा भरणा कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा. म्हणजे "माणूस असा वागतो" असं आम्ही ज्याच्या आधारावर शिकवत होतो, तो माणूस बहुधा अमेरिकेतल्या विद्यापीठातला विशीतला मुलगा होता. आपल्याकडे अलाहाबादचे दुर्गानंद सिन्हा ही गोष्ट कितीतरी आधीपासून सांगत होते. त्यांनी 1960 च्या दशकात उत्तरेकडच्या खेड्यांत जाऊन तिथल्या माणसांच्या इच्छा-आकांक्षांचा अभ्यास केला, आणि पुढं आंतरसांस्कृतिक मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले. आमच्या अभ्यासक्रमात त्यांना इतकी कमी जागा का, हे मला कळत नाही.

खेड्यातल्या माणसाला घेऊन केलेला अभ्यास चांगला असू शकतो, याचा मला आवडणारा दाखला तमिळनाडूचा आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ऊस पिकवणारे 464 शेतकरी होते. त्याच माणसांना ऊस तुटण्याआधी, म्हणजे हात तंग असताना, आणि ऊस जाऊन पैसे आल्यावर, असं दोनदा तपासलं. आकृत्यांवरून विचारशक्ती तपासणाऱ्या रेव्हन यांच्या कसोटीत तंगीच्या दिवसांतले गुण कमी आले. माणूस तोच, कसोटी त्याच धर्तीची. पैशाची चिंता डोक्यात जागा अडवते. या निष्कर्षाच्या मोजमापावर नंतर वादही झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी न करता त्याची त्याच्याशीच करायची, ही त्या अभ्यासाची मांडणी मला फार न्याय्य वाटते.

हे वाचलं तेव्हा मला एका शाळेची आठवण झाली. त्यांनी ऐन भादव्यात आठवीच्या मुलांची बुद्धिमापन कसोटी घेतली आणि गुणांवरून तुकड्या पाडल्या. भादवा म्हणजे आमच्याकडे खिसा सगळ्यात रिकामा असायचे दिवस. खताची, फवारणीची उधारी डोक्यावर, सोयाबीन अजून शेतात, कापूस बोंडात. तमिळनाडूतला अभ्यास प्रौढांचा होता, तो मुलांना तसाच लावता येणार नाही, हे मी जाणून आहे. तरी घरात उधारीवरून रोज वाजत असताना घेतलेल्या एका कसोटीवर मुलाची तुकडी ठरवू नये, असं मी त्यांना लेखी कळवलं. तुकड्या तशाच राहिल्या. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही.

आता उलट दिशेच्या गोष्टी. झिम्बाब्वेची राजधानी हरारे. 2006 साली तिथले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेर बाकडी टाकली आणि वस्तीतल्या आज्यांना शिकवून तिथं बसवलं. मन खचलेली माणसं आजीशेजारी बसून बोलतात, आजी ऐकते, एक अडचण निवडून तिच्यावर पुढचं पाऊल ठरवायला मदत करते. 2016 साली या कामाची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. आजींकडे आलेल्यांचा त्रास नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा बराच कमी झाला होता. पुढं ही बाकडी न्यूयॉर्कमध्येसुद्धा टाकली गेली. एकेकाळी लाइपझिगहून सगळीकडे यंत्रं गेली, आता हरारेहून न्यूयॉर्कला पद्धत गेली.

आणि आपल्या घरचं सांगायचं तर अमरावती जिल्हा. "विश्राम" नावाच्या उपक्रमात तिथल्या 30 गावांत गावच्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं गेलं. नैराश्य असलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागायला जाणारे आधी 4.3 टक्के होते, दीड वर्षानं ते 27.2 टक्के झाले. हे निष्कर्ष 2017 साली जगातल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं ज्या विदर्भाचं नाव जगाला कळलं, त्याच विदर्भातून जगानं शिकावं असं काही निघालं. मी ते आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गातल्या मुलांची मान वर झालेली मी पाहिली आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आज तिच्या सासरच्या गावी आशा म्हणून काम करते. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म तिला भरावा लागतो: बीपी, साखर, तंबाखू, आणि शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही असं किती वेळा झालं. उदास, निराश किती वेळा वाटलं. उत्तराला शून्य ते तीन गुण. मूळचे हे प्रश्न अमेरिकेत तयार झालेल्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतले. ती सांगत होती, "मॅडम, बाया म्हणतात, काम तं कराच लागते, त्यात काय रस अन् काय आनंद. मंग म्या कागद बाजूले ठेवतो. औंदा भुलाबाईची गाणी म्हणाले गेलती काय, ते इचारतो. जे दरसाल जाते अन् औंदा गेली नाही, तिच्यापाशी म्या मंग दोन घटका बसतो." त्यानंतर ती फॉर्मवरचे प्रश्न पुन्हा विचारते, आणि आधी शून्य सांगितलेल्या बाईचे गुण कधी कधी बदलतात.

फॉर्मवरचे प्रश्न काढून टाका असं मी म्हणणार नाही. हरारेला, अमरावतीला आणि बोस्टनला तेच दोन प्रश्न विचारले तरच आकडे शेजारी शेजारी मांडता येतात, आणि त्याशिवाय शास्त्र चालत नाही. पण भुलाबाईचा प्रश्न आधी विचारला तर जास्त बायकांचं दुखणं कळतं का, हा तपासून पाहण्याजोगा शास्त्रीय प्रश्न आहे, आणि तो तपासायला माझ्या त्या विद्यार्थिनीइतकं लायक दुसरं कुणी नाही. कसं तपासायचं, कोणत्या बायकांना आधी कोणता प्रश्न, नोंद कशी ठेवायची, यावर आमचं बोलणं सुरू आहे.

म्हणून यंदा तृतीय वर्षाच्या मुलांना मी वेगळा प्रकल्प दिला. घरी, शेजारी, पारावर जाऊन विचारून या: मनाबद्दल, डोक्याबद्दल शास्त्रानं काय शोधावं असं तुम्हाला वाटतं? पुष्कळ प्रश्न आले. त्यातला एक माझ्या मनात घर करून बसला. एका मुलाचे काका म्हणाले:

"हप्ताभर दिवसाची लाइन, हप्ताभर रातची. रातची आली का ओलिताले जा लागते. थंडी, इचू-काटा, डुकरं. सकाळी डोकं चालत नाही, माणूस घरच्याईवर वसकते, गाडी चालवताना डुलकी लागते. हे तुमच्या मशनीत निघते काय?"

निघतं. अगदी हेच काढायला ते यंत्र जन्माला आलं. झोप अपुरी झाली की प्रतिक्रियाकाल लांबतो हे शास्त्राला ठाऊक आहे. पण शेतीपंपाच्या विजेच्या पाळीनं तो किती लांबतो, हे ज्याच्या वावरात मोटर आहे त्यालाच विचारावंसं वाटलं. मांडणी आम्ही तमिळनाडूसारखीच ठेवली आहे: माणूस तोच, दिवसाच्या लाइनच्या आठवड्यात आणि रात्रीच्या लाइनच्या आठवड्यात. यंत्रावर सरावानं हात सुधारतो, म्हणून अर्ध्या लोकांची सुरुवात रात्रीच्या आठवड्यापासून करायची. काकांनी दोन अटी घातल्या. आकडे आधी गावात, ग्रामसभेत सांगायचे, मग कॉलेजात. आणि मॅडमनीही एक रात्र ओलिताला यायचं, मग सकाळी मशीनवर बसायचं. दोन्ही मला मान्य आहेत.

हरभऱ्याचं पहिलं ओलीत सुरू झालं की काम सुरू करू. आमचं यंत्र घरच्या विजेवर चालतं, त्याला बॅटरी जोडून देण्याचं आयटीआयच्या एका मुलानं कबूल केलं आहे. अकोला, बुलढाणा, वाशिम, वर्धा, कुठल्याही कॉलेजात प्रतिक्रियाकालाचं यंत्र असेल आणि गावात ओलीत असेल तर त्यांनीही याच पद्धतीनं मोजावं, म्हणजे आकडे एकत्र करता येतील. सूचनांचा एक पानाचा कागद मी मराठीत तयार केला आहे. मागाल त्यांना पाठवते.